निसिरोसला जाताना: छोट्या ग्रीक बेटावरची पहिली फील्ड-भेट कशी आखावी

"ताई, अथेन्सला परिषद आहे. संपल्यावर एक दिवस मोकळा आहे. निसिरोस होईल का?"

आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरचा हा मेसेज मागच्या महिन्यात आला. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं: बेट होईल, काम होणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला होता, कुणी नीट उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याची किंमत मी फेलोशिपमधून मोजली. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

मी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या रसायनशास्त्रावर पीएचडी करते, त्यामुळे उदाहरणं त्यातली येतील. पण तुम्ही वनस्पती, पुरातत्त्व, समुद्री जीव किंवा समाजशास्त्रासाठी एखाद्या छोट्या ग्रीक बेटावर जाणार असाल, तरी बोट, वारा, व्हिसा आणि परवानगी यांचं गणित तेच राहतं.

निसिरोस म्हणजे काय

एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, कोस या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला निसिरोस आहे. क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस किलोमीटर, वस्ती हजाराच्या आसपास. अख्खं बेट म्हणजे एक ज्वालामुखी. मधोमध सुमारे चार किलोमीटर रुंदीचा खोलगट कटोरा, म्हणजे कॅल्डेरा. त्याच्या कडेवर निकिया आणि एम्पोरिओस ही दोन गावं, खाली समुद्रालगत मांद्राकी हे मुख्य गाव आणि बंदर, आणि पूर्वेला थोडं पुढे पाली हे छोटं बंदर.

कॅल्डेराच्या तळाला लक्की नावाचं सपाट मैदान आहे आणि त्यात स्तेफानोस हे विवर. सुमारे ३०० मीटर रुंद, पंचवीस-तीस मीटर खोल. तुम्ही चालत त्याच्या तळाशी उतरू शकता, आणि पायाखाली कुठेतरी पाणी उकळत असल्याचा आवाज ऐकू येतो. संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला एवढ्या सहज पोहोचता येणारी जिवंत भूऔष्णिक जागा जगात फार ठिकाणी मिळत नाही.

आपल्याकडेही वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे असे गरम झरे आहेत, पण तिथे खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तापतं आणि वर येतं. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. निसिरोसचा मामला ताजा आहे. कोस आणि निसिरोसच्या दरम्यान सुमारे १,६१,००० वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, आणि आज दिसणारं निसिरोस बहुतांशी त्यानंतर उभं राहिलं. दोन्हीकडे गरम पाणी, पण उष्णता येते ती वेगळ्या वाटेने. ही तुलना डोळ्यांनी बघावी म्हणून मला तिथे जायचं होतं.

सगळ्यात आधी परतीची बोट

निसिरोसवर विमानतळ नाही. जाणं-येणं फक्त समुद्रातून. म्हणून नियोजन उलट्या दिशेने करायचं. आधी भारतात परतायचं विमान, मग त्याच्या आधीचं कोस-अथेन्स विमान, मग त्याच्या आधीची निसिरोस-कोस बोट, आणि त्या बोटीच्या आधी किमान एक पूर्ण मोकळा दिवस. एवढं झाल्यावर जे दिवस उरतात, ते तुमचे बेटावरचे दिवस. आपण सवयीने पुढून मागे येतो: परिषद संपली, आता किती दिवस उरले? मीही तसंच केलं होतं.

झालं असं. सप्टेंबरचा पहिला आठवडा. सकाळी निसिरोसला जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने कोस, दुपारी अथेन्स, रात्री मुंबईचं विमान. कागदावर सगळं बसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सॅक घेऊन मांद्राकीच्या धक्क्यावर गेले, तर तिथे कुणीच नाही. एक आजोबा मासेमारीचं जाळं सोडवत बसले होते. त्यांनी समुद्राकडे बोट दाखवून एकच शब्द उच्चारला: "अपागोरेफ्तिको."

हा शब्द पाठ करून ठेवा. वारा जास्त असला की तिथलं बंदर खातं बोटी सोडायला मनाई करतं, त्या मनाईला हे नाव आहे. मर्यादा बोटीच्या आकारावर ठरते. मोठ्या फेरीबोटीही साधारण ८ बोफर्टला, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वाऱ्याला, थांबतात. छोट्या बोटी त्याच्या बऱ्याच आधी. आणि कोस-निसिरोस ही रोजची ये-जा मुख्यतः छोट्या बोटींवर चालते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते हे आपल्याला ठाऊक असतं. फरक इतकाच की तिथे हे भर उन्हात, निळ्या आकाशाखाली होतं, त्यामुळे आपल्याला खरंच वाटत नाही.

बोट दोन दिवस सुटली नाही. कोसचं विमान गेलं, आणि तिकिटं वेगवेगळी काढलेली असल्यामुळे मुंबईचंही गेलं. नवं तिकीट मी स्वतःच्या पैशाने काढलं. त्याची भरपाई का मिळाली नाही ते पुढे सांगते.

एजियनमध्ये उन्हाळ्यात उत्तरेकडून जोरदार कोरडा वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक, पण पुढे-मागेही तो येतो. चांगली गोष्ट अशी की तो अचानक येत नाही, दोन-तीन दिवस आधी अंदाजात दिसतो. त्यामुळे रोज रात्री वाऱ्याचा अंदाज बघायचा, आकडा बोफर्टमध्ये वाचायचा, आणि ६ किंवा त्याहून जास्त दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर कार्यालयात जाऊन विचारायचं. हॉटेलवाले प्रेमाने "जाईल, जाईल" म्हणतात. निर्णय बंदर कार्यालयाचा असतो.

कोसला उतरल्यावर

अथेन्सहून कोस विमानाने तासाभराच्या आत. पिरेयस बंदरातून रात्रभराची फेरीबोटही आहे. पैसे वाचतात आणि एका रात्रीच्या राहण्याचा खर्चही वाचतो. पिरेयसहून थेट निसिरोसला जाणारी मोठी बोटही असते, पण आठवड्यातून मोजक्याच वेळा. तिचं वेळापत्रक जुळलं तर ती घ्याच, कारण मोठी बोट वाऱ्यात जास्त तग धरते.

कोसचा विमानतळ बेटाच्या मध्यभागी आहे. निसिरोसच्या बोटी दोन ठिकाणांहून सुटतात: कोस शहराच्या बंदरातून आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या कार्दामेनाहून. कार्दामेना विमानतळापासून सात-आठ किलोमीटर, कोस शहर पंचवीसेक किलोमीटर उलट दिशेला. बरेच जण सवयीने शहरात जातात आणि मग कळतं की आजची बोट कार्दामेनाहून आहे. कार्दामेनाहून मांद्राकी तासाभराचा प्रवास. तिकिटावर सुटण्याचं बंदर दोनदा वाचा.

नावांचा आणखी एक घोळ: मांद्राकी नावाचं बंदर ऱ्होड्स बेटावरही आहे, आणि तेच जास्त प्रसिद्ध आहे. खोली बुक करताना फक्त "मांद्राकी" शोधलंत तर चुकीच्या बेटावर पैसे भराल.

आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक सोय फुकटात मिळते: ग्रीक अक्षरं आपण आधीच शिकलेलो असतो. कॅपा, ओमेगा, सिग्मा ही तीन अक्षरं दिसली की तो "कोस". न्यू, आयोटा, सिग्मा, अप्सिलॉन, ऱ्हो, ओमिक्रॉन, सिग्मा म्हणजे "निसिरोस". इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर ऱ्हो आहे, त्याचा उच्चार र. इंग्रजी एच सारखं दिसणारं ईटा, त्याचा उच्चार ई. बी सारखं दिसणारं बीटा, पण आता तिथे त्याला व म्हणतात. एवढ्यावर बसच्या पाट्या आणि बोटींचे फलक वाचता येतात.

व्हिसा आणि मंजुरी: माझी खरी चूक इथे झाली

ग्रीस शेंगेनमध्ये आहे. भारतीय पासपोर्टवर अल्पकालीन व्हिसा लागतो, प्रौढांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या मर्यादेची वाट बघू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. कार्यशाळा इटलीत सात दिवस आणि निसिरोस तीन दिवस असेल, तर अर्ज इटलीकडे.

व्हिसा मिळाला की स्टिकरवरच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. एक म्हणजे "कधीपासून कधीपर्यंत", आणि दुसरी म्हणजे "किती दिवस". पहिली मुदत बहुधा थोडी सैल असते. पण राहण्याचे दिवस दुसऱ्या रकान्यातलेच. तिथे ९ लिहिलं असेल तर ९. म्हणून अर्जातच दोन-तीन राखीव दिवस दाखवा आणि विमाही तेवढ्या दिवसांचा काढा. माझ्या व्हिसावर दोनच दिवस जास्तीचे होते. तिसऱ्या दिवशीही वारा राहिला असता तर मी मुदतीबाहेर गेले असते. असं कधी झालंच, तर बोट रद्द झाल्याचा लेखी पुरावा तिकीट कंपनीकडून किंवा बंदर कार्यालयातून लगेच घ्या आणि मुदत संपण्याआधी अधिकाऱ्यांशी बोला. नैसर्गिक अडचणीसाठी मुदतवाढीची तरतूद नियमांत आहे, पण ती आपोआप मिळत नाही.

आता भरपाईचं. माझ्या प्रवास-मंजुरीच्या पत्रात फक्त परिषदेचं शहर आणि तारखा होत्या. निसिरोस "माझ्या वेळेत" होतं. गाइडना माहीत होतं, तोंडी परवानगी होती, पण कागदावर एक ओळ नव्हती. लेखा विभागाने सरळ विचारलं, "हे बेट कुठून आलं?" त्यांची चूक म्हणता येणार नाही. म्हणून सांगते: बेटावर कामासाठी जात असाल तर मंजुरीच्या अर्जात "निसिरोस, क्षेत्र-निरीक्षण, अमुक दिवस, हवामानासाठी राखीव दोन दिवस" असं लिहाच. सुट्टीच्या अर्जातही तेच. अर्ज लिहिताना दहा मिनिटं जास्त जातात, पण मला ती वाचवणं चाळीस हजारांच्या वर पडलं.

कधी जावं, कुठे राहावं

मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये विवरात अक्षरशः भट्टी असते, कारण तिथे सावली नाही. १५ ऑगस्टला मांद्राकीच्या वरच्या पनागिया स्पिलियानी मठाची मोठी जत्रा असते, बाहेर गेलेले निसिरोसकर घरी येतात आणि खोली मिळत नाही. हिवाळ्यात बोटी कमी, बरीच दुकानं बंद. ईस्टरच्या आसपास जाणार असाल तर ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख वेगळी बघा, ती बहुतेक वर्षी आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा निराळी असते.

राहायला मांद्राकी सोयीचं: बोट, बस, दुकानं, एटीएम सगळं तिथे. थोडी रोख मात्र जवळ ठेवाच, छोट्या बेटावर एटीएम बंद पडलं की शेजारचं एटीएम समुद्रापलीकडे असतं. दुपारी दोन ते पाच गाव झोपतं, पुण्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पाणी पिण्याजोगं आहे का हे खोलीच्या मालकिणीला विचारा. पाऊस कमी, त्यामुळे पाणी जपून वापरायची तिथे रीत आहे. शौचालयात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. काबुली चण्याच्या भजीसारखे वडे तिथली खासियत आहेत, शिवाय भरलेल्या भाज्या, चीज, टोमॅटो, ब्रेड. बदामाचं सरबत, सुमादा, एकदा प्या. ते पिताना मला आपली थंडाई आठवली.

फिरायला मांद्राकीहून विवराकडे बस जाते, पण फेऱ्या कमी, आणि हंगामाबाहेर त्याहून कमी. स्कूटर भाड्याने मिळते. त्यासाठी भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, आणि त्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला आहे ना ते बघा. घाटाचा रस्ता आहे. विम्यात दुचाकी अपघात धरला आहे का, तेही वाचा. आपत्कालीन क्रमांक ११२. बेटावर प्राथमिक उपचार होतात, गंभीर रुग्णाला बेटाबाहेर न्यावं लागतं, म्हणजे पुन्हा बोट आणि वाराच.

विवरात उतरण्याआधी थोडं विज्ञान

स्तेफानोस लाव्हाने बनलेलं नाही. इथे स्फोट झाले ते वाफेचे. खाली खडकांत अडकलेलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे १०० अंशांच्या बरंच वर जाऊनही द्रवच राहतं. १९८० च्या दशकात इथे भूऔष्णिक विजेसाठी खोल विहिरी खणल्या, तेव्हा दीड-पावणेदोन किलोमीटर खोलीवर ३०० अंशांहून जास्त तापमान मिळालं. भूकंपाने किंवा भेगेने दाब अचानक कमी झाला, की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं. शिट्टी न होऊ देता कुकरचं झाकण उघडल्यासारखं, फक्त झाकण म्हणजे वरचा खडक. असे स्फोट इथे १८७१ ते १८७३ मध्ये आणि १८८७ मध्ये झाले. १९९६-९७ मध्ये भूकंपांची मालिका होऊन मांद्राकीत घरांना तडे गेले. स्फोट मात्र झाला नाही. तेव्हापासून बेटावर वैज्ञानिकांचं बारीक लक्ष आहे.

मग विवराच्या तळाशी वाफ किती तापमानाला बाहेर पडते? साधारण १०० अंश. खाली ३००, वर १००, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण वर येताना वाफ उथळ भूजलातून जाते, आणि वातावरणाच्या दाबाला उकळतं पाणी जिथे आहे तिथे तापमान उकळबिंदूलाच अडकून राहतं. म्हणून नुसतं तापमान मोजून खालची उष्णता कळत नाही. त्यासाठी वायूंचं प्रमाण बघावं लागतं. माझ्या विषयातला हा पहिला धडा मी पुस्तकात चार वेळा वाचला होता. समजला तो तिथे उभं राहून.

सुरक्षितता: हा भाग वगळू नका

जमीन. वाफेच्या तोंडांभोवती पिवळी-पांढरी मऊ माती असते. आम्लयुक्त वाफेने खडकाची माती झालेली असते, आणि तो थर कुठे हातभर, कुठे बोटभर. खाली उकळता चिखल. कुंपण, दोरी किंवा पाटी असेल तिथे थांबायचं, फोटोसाठीसुद्धा पुढे जायचं नाही. जाड तळाचे बंद बूट हवेत. चपला, फ्लोटर्स नकोत.

वायू. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कमी प्रमाणात तो फक्त त्रासदायक आहे. धोका असा की प्रमाण वाढत जाऊन साधारण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची क्षमता बधिर होते. म्हणजे "वास गेला, बरं झालं" असं वाटलं तर तो बाहेर पडायचा इशारा असू शकतो. सोबत कार्बन डायऑक्साइडही असतो, त्याला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात साचतो. उघड्या विवरात वारा असताना बहुतेक वेळा काही होत नाही. पण वारा पूर्ण पडला असेल तर खोलगट जागेत वाकून, बसून, वाफेच्या तोंडाशी नाक नेऊन काही करू नका. दमा असेल तर वरूनच बघा. डोकं दुखलं, डोळे चुरचुरले, की वर चढा.

इथे एक पेच आहे. पहाटे लवकर गेलं तर ऊन नाही, गर्दी नाही, पण वाराही नाही. दुपारी वारा असतो, पण ऊन आणि गर्दीही. मी आता असं सांगते: सूर्य वर आल्यावर, साधारण नऊच्या सुमारास, मंद वारा सुटल्यावर उतरा आणि साडेदहाच्या आत वर या. त्यानंतर कोसहून एका दिवसाच्या सहलीचे प्रवासी बसने येतात. ते दुपारी उशिरा परत गेले की विवर पुन्हा शांत होतं. एकटे उतरू नका. कुणी सोबत नसेल तर तिकीट खिडकीवर सांगून जा आणि वर आल्यावर पुन्हा सांगा.

आणि हो, चांदी काढून ठेवा. हायड्रोजन सल्फाइडने ती काळी पडते. माझी अंगठी एका सकाळीत काळवंडली. आईला मी ते "प्रात्यक्षिक" म्हणून दाखवलं, तिला ते फारसं पटलं नाही.

काय बघायचं, काय नोंदवायचं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी निकियाला जा, वरून अख्खा कॅल्डेरा बघा आणि वहीत हाताने रेखाचित्र काढा: कडा कुठे, लक्कीचं मैदान कुठे, विवरं कुठे, पांढुरके पट्टे कुठे. गावात ज्वालामुखी संग्रहालय आहे, तासभर द्या. निकियाहून खाली विवराकडे पायवाट उतरते, गुडघे चांगले असतील तर ती घ्या. एम्पोरिओसच्या तोंडाशी एक छोटी नैसर्गिक गुहा आहे, तिच्यात शिरलं की गरम दमट हवा अंगावर येते. म्हणजे उष्णता फक्त विवरात नाही, कड्याच्या भेगांमधूनही वर येते आहे. नकाशावर ही जागा खूण करून ठेवा. परतताना बोटीतून समोर याली हे बेट दिसेल, प्युमिसच्या खाणीमुळे पांढरंफेक. काळ्या गोट्यांचा मांद्राकीचा किनारा सकाळी बघून दुपारी याली बघितलं, तर एकाच ज्वालामुखी टापूतला मॅग्मा किती वेगवेगळा असू शकतो हे डोळ्यांपुढे राहतं.

नोंदीत प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जागा, वारा आणि आकाश लिहा. फोटोत मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवा. मी पहिल्या दिवशी दीडशे फोटो काढले, एकातही माप नव्हतं. ते आज सुंदर आहेत आणि निरुपयोगी आहेत.

माझी दुसरी चूक उपकरणाची. मी इन्फ्रारेड थर्मामीटर नेला होता. दुरून वाफेच्या तोंडावर धरला, आकडा आला सत्तरच्या आसपास. मनात म्हटलं, प्रकाशित आकडे १०० चे आणि माझा ७०, काहीतरी नवीन सापडलं! काही सापडलं नव्हतं. वाफेतले पाण्याचे बारीक थेंब मधली किरणं शोषतात, त्यामुळे थर्मामीटर ढगाचं तापमान वाचतो, तोंडाचं नाही. बोट बंद असताना, दुसऱ्या दिवशी पुन्हा विवरात गेले, वारा वाफ बाजूला नेईल तेव्हाच मोजलं, आणि आकडे वर सरकले. त्या दोन सक्तीच्या दिवसांतली पानं पुढे माझ्या पद्धती-प्रकरणात उपयोगी पडली. पहिल्या दिवसाचं एकही पान वापरता आलं नाही, कारण मी घाईत होते.

नमुने, परवानगी, सामान

परवानगीशिवाय खडक, गंधकाचे स्फटिक, पाणी, माती, काहीही उचलू नका. "एवढासा तर आहे" असं प्रत्येकाला वाटतं. ग्रीसमध्ये भूवैज्ञानिक नमुन्यांसाठी आणि पुरातन अवशेषांसाठी वेगवेगळे नियम आहेत. मांद्राकीच्या वर पालेओकास्त्रोची प्राचीन तटबंदी काळ्या ज्वालामुखी दगडाची आहे, त्यामुळे वाटेतला दगड नुसता दगड आहे की तटाचा तुकडा, हे तुम्हाला कळणार नाही. खरंच नमुने हवे असतील तर ग्रीक विद्यापीठातल्या सहकाऱ्याबरोबर काम ठरवा आणि परवानगीचं काम त्यांच्यामार्फत काही महिने आधी सुरू करा. परवान्याशिवाय घेतलेला नमुना शोधनिबंधात वापरता येत नाही, मग तो घेऊन करायचं काय? ड्रोनलाही हेच लागू.

सामानात: दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट, एक जुना सुती शर्ट (वास दोन धुण्यांत जातो), कागदी वही आणि पेन्सिल, मोजपट्टी, पॉवर बँक. लिथियम बॅटरी असलेलं सुटं उपकरण केबिन बॅगमध्ये, टोकदार प्रोब चेक-इनमध्ये, आणि गाइडच्या सहीचं एक पानी पत्र सोबत: हे उपकरण काय आहे आणि कशासाठी आहे. विमानतळावर त्या पत्राने माझी दहा मिनिटांत सुटका झाली.

तर एका दिवसाचं काय?

ज्युनिअरला मी हे वेळापत्रक पाठवलं:

पहिला दिवस: अथेन्स ते कोस, कार्दामेनाहून दुपारची बोट, संध्याकाळी मांद्राकी. बंदर कार्यालय कुठे आहे ते बघून ठेवणं.

दुसरा दिवस: निकिया, संग्रहालय, रेखाचित्र. विवर फक्त वरून.

तिसरा दिवस: सकाळी विवर, दुपारी झोप आणि नोंदी स्वच्छ लिहिणं, संध्याकाळी पुन्हा विवराची कड.

चौथा दिवस: राखीव. वारा नसेल तर एम्पोरिओस आणि पाली. तिसऱ्या रात्रीच्या अंदाजात वारा दिसला, तर चौथ्या दिवशी सकाळीच निघणं.

पाचवा दिवस: कोस. तिथेच मुक्काम.

सहावा दिवस: कोस ते अथेन्स, आणि मगच पुढचं विमान.

तिचं उत्तर आलं, "ताई, सहा दिवस? मला तर एकच मिळतोय." मी लिहिलं, मग या वेळी अथेन्समधली संग्रहालयं बघ आणि निसिरोस पुढच्या प्रस्तावात, स्वतंत्र ओळ घालून, राखीव दिवसांसकट माग. तिने परवा मंजुरीच्या अर्जाचा मसुदा वाचायला पाठवला. त्यात बेटाचं नाव आहे, दिवस सहा आहेत, आणि "हवामानासाठी राखीव" हे शब्द तिने स्वतःच ठळक केले आहेत. मंजूर होतो का ते बघू.